सव्वापाचची खाट

मी पहाटेचा माणूस झालो
त्यात माझं कर्तृत्व काही नाही.
खाट एक होती.

दादाला सहार कार्गोत रात्रपाळी लागली
तेव्हा मी दहावीत होतो.
मिशी फुटायची होती, झोप मात्र पुरुषभर खोल.
कंपनीची जीप त्याला हायवेवर सोडायची,
तिथून कन्नमवार नगर चालत बारा मिनिटं,
आणि सव्वापाचला कडी वाजायची
एकदाच, हळू,
बाबा जागे होऊ नयेत म्हणून.

आधी भांडलो.
उशी डोक्यावर घेतली, मेल्यासारखा पडलो,
एकदा तर ताप आल्याचं सोंग केलं.
दादा काही बोलायचा नाही.
बूट काढून, पाय धुऊन
भिंतीला टेकायचा
आणि उभ्या उभ्या डुलायचा
चौपाटीवरच्या घोड्यासारखा.
त्या उभं राहण्यापुढे
कोण किती वेळ झोपेल?

उठलो की तो माझ्याच उबेत पडायचा.
"बरी तापवून ठेवलीयस," म्हणायचा,
वाक्य पुरं व्हायच्या आत घोरायचा.

दिवा लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही.
मग मी वह्या घेऊन जिन्यात.
दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधली पायरी.
तिथली ट्यूब फडफडायची पण मरायची नाही.
प्रमेयाच्या आधी मला तिथे कळलं
की दूध टाकणारा लालमणी तळमजल्यावरून शीळ घालत निघतो
आणि तिसऱ्यावर येईस्तोवर नुसता धापतो;
की दिवसभर नवऱ्याचा उद्धार करणारी कुंदाकाकू
पहाटे त्याच्या चपला पुसून सरळ लावते;
की पेडणेकरांच्या गुळण्या हा आमच्या इमारतीचा भोंगा;
की खाडीवरचा वारा सहापर्यंत चिखलाचा असतो,
बरा वाटतो,
मग डिझेलचा.

शाळेत दिघेबाईंनी मला उभं केलं.
"बघा, हा पाचला उठतो. शिका काही."
टाळ्या. माझे कान तापले.
मावशीनं फोनवर आईला ऐकवलं,
लवकर उठे त्याला संपत्ती लाभे.
आई म्हणाली, लाभली की आधी दुसरी खाट घेऊ.

मित्र रात्री दोनपर्यंत जागायचे.
सकाळी ग्रुपवर त्यांचे दोनशे मेसेज
मी एकटा वाचायचो,
लग्न आटोपल्यावर मांडव बघावा तसे.
सगळे विनोद मला शिळे मिळाले त्या वर्षी.
रात्री नऊला मान पडायची. मला आजोबा म्हणायचे.

डिसेंबरात एकदा गच्चीचं कुलूप उघडं सापडलं.
वर गेलो. खाडी काळी,
पाणी कुठे संपतं नि कांदळवन कुठे लागतं, कळेना.
मग नाक्यावरच्या दिव्याखालून
एक माणूस येताना दिसला.
हातात डबा, डावा खांदा जरा उतरलेला.
रस्ता ओलांडताना त्यानं दोन्हीकडे बघितलं,
रस्ता रिकामा, तरी बघितलं.
डब्यातलं उरलेलं कुत्र्यांपुढे झटकलं,
झाकण लावलं,
आणि तिथंच थांबून
मोठ्ठी जांभई दिली,
जगात कोणी नाही अशी.

मी एवढा वेळ त्याला कधी बघितलंच नव्हतं.
तो कायम माझी झोप घ्यायला आलेला असायचा.

धावत खाली आलो.
कडीला हात लागायच्या आत दार उघडलं.
"जागा होतास?"
"हो."
दुसऱ्या दिवसापासून पाचला उठू लागलो.
पंधरा मिनिटं आधी. कोणी न सांगता.
चहा टाकायचो, आवाज न करता, तेही शिकलो.

दादा आता नायगावला. दिवसपाळी, बायको, डबल बेड.
खाट सगळी माझी.
रविवारी लोळ म्हणते आई.
पण सव्वापाचच्या आत डोळे उघडतात,
चादर सारखी करतो
आणि जिन्याकडे वळण्याआधी
एकदा हात फिरवून बघतो,
नीट तापलीय ना.